गावचे डॉक्टर आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) दवाखाना बंद करताहेत. बापूंना आता कुठे दाखवायचं?

तापीकाठ | ८ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, मी नोकरीनिमित्त पुण्यात. घरी बापू (वय ७४) आणि माय (६८), दोघंच. गावात गेली ३६ वर्षं एकच डॉक्टर. ओट्यावर लाकडी बाकडं, आत पडद्यामागे एक खाट, आणि त्यांच्याबरोबरच म्हातारा झालेला कंपाउंडर. परवा दारावर कागद लागला की आखाजीनंतर दवाखाना कायमचा बंद. डॉक्टरसाहेबांची सत्तरी उलटली, गुडघे गेले. मुलगा नाशिकला रेडिओलॉजिस्ट आहे, तो काही आमच्या गावात येऊन बसणार नाही. यात कुणाची चूक नाही.

बापूंना बीपी पंधरा वर्षांपासून, साखर सात-आठ वर्षांपासून. दर महिन्याला जातात, सुई मागतात, डॉक्टर नाही म्हणतात, मग पुड्या घेऊन घरी येतात. पैसे कधी रोख, कधी कापूस विकल्यावर. बापूंचं म्हणणं एकच: "त्यांच्या हाताला गुण आहे. दुसऱ्याचं औषध मला लागू पडत नाही."

काल फोनवर विचारलं, बापू, गोळ्या कुठल्या चालू आहेत? म्हणाले, "सकाळी गुलाबी, तिच्यासोबत पांढरी अर्धी. मोठी पांढरी दोन वेळा. रात्री पिवळी. पिवळीनेच झोप लागते."

आता चोपड्याला दाखवू, तापी ओलांडून अमळनेरला नेऊ, की थेट जळगाव? जनरल डॉक्टर पाहू की एमडी फिजिशियन? आखाजी ३० तारखेला आहे, म्हणजे हातात तीन आठवडे.

भरीतप्रेमी | ८ एप्रिल, रात्री १०:०५

चोपड्याला माझे मेव्हणे ज्यांच्याकडे जातात त्यांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. माणूस चांगला, पण सोमवारी जाऊ नका, नंबर लागेपर्यंत दुपार होते.

मेडिकलवाला | ८ एप्रिल, रात्री ११:२०

भाऊ, नवा डॉक्टर नंतर शोधा. आधी त्या पांढऱ्या अर्धीचं नाव काढा.

माझं दुकान आहे अमळनेरला, बावीस वर्षं झाली. असा एखादा दवाखाना बंद झाला की पुढचे दोन महिने काउंटरवर काय होतं ते सांगतो. म्हातारा माणूस येतो, धोतराच्या कनवटीतून कागदाची पुडी काढतो, त्यात एक गोळी शिल्लक असते. "अशीच द्या." आता पांढरी, गोल, मधे रेघ असलेली गोळी माझ्या फळीवर पन्नास तरी प्रकारची असेल. बीपीची आहे, साखरेची आहे, थायरॉइडची आहे, झोपेची आहे. रंग आणि आकार पाहून गोळी देणारा दुकानदार भेटला तर त्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नका. फोटो पाठवून व्हॉट्सअॅपवर विचारणारेही असतात, त्यांनाही हेच उत्तर.

दुसरी अडचण अशी की, दवाखान्यात स्वतः औषध देणारे डॉक्टर बऱ्याचदा कंपन्यांकडून थेट हजार-हजार गोळ्यांचे डबे मागवतात. त्या कंपन्यांचा माल आमच्या दुकानात येतही नाही. त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव लिहून आणलं तरी उपयोग नाही. मूळ औषधाचं नाव हवं, म्हणजे ज्याला जेनेरिक म्हणतात ते, आणि किती मिलिग्रॅम.

म्हणून आखाजीच्या आत, स्वतः जाऊन किंवा कुणाला पाठवून, डॉक्टरसाहेबांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. काय आजार, कधीपासून. कुठलं औषध, किती, कधी. आधी कुठलं औषध देऊन पाहिलं आणि ते का बंद केलं. हे शेवटचं कुणी लिहून घेत नाही, आणि नवा डॉक्टर नेमकं तेच औषध पुन्हा सुरू करतो. कुठल्या सुईने, गोळीने अंगावर पित्त उठलं होतं का. शेवटचं बीपी, साखर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). आणि जाताना एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या मागून घ्या. नवा डॉक्टर ठरेपर्यंत मधे खंड नको.

शिरपूरकर | ९ एप्रिल, सकाळी ७:१५

मागून घ्या कसलं, हक्क आहे तो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत आहे, रुग्णाने कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे. ठणकावून सांगा.

स्टेथोस्कोप | ९ एप्रिल, सकाळी ८:५०

शिरपूरकर, नियम तुम्ही सांगता तो बरोबर आहे, पण अर्धा. तीन वर्षं कागद सांभाळायचं बंधन त्या नियमावलीत भरती झालेल्या रुग्णांच्या बाबतीत आहे. ओट्यावरच्या दवाखान्यात रोज साठ-सत्तर माणसं तपासणाऱ्या डॉक्टरकडे प्रत्येकाची फाइल नसते. वही असते, तीही बहुधा उधारीची. बाकी सगळं डोक्यात. ते डोकं ३० तारखेला निवृत्त होतंय. तिथे नियम दाखवून काही निघणार नाही. सकाळची गर्दी ओसरल्यावर, चहाच्या वेळेला जा, बापूंना सोबत न्या, सगळ्या पुड्या पिशवीत घालून न्या. समोर गोळी ठेवली की त्यांना झटकन आठवेल.

मी स्वतः याच व्यवसायात, धुळे जिल्ह्यात. मागच्या वर्षी शेजारच्या गावचा दवाखाना बंद झाला आणि त्यांचे बरेच पेशंट माझ्याकडे आले. चिठ्ठी घेऊन आलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. त्यांना मी दहा मिनिटांत मार्गी लावलं. बाकीच्यांचं सगळं पहिल्यापासून. तपासण्या नव्याने, खर्च नव्याने, आणि लोक म्हणतात नवा डॉक्टर लुटतो.

एरंडोलचा_नाना | ९ एप्रिल, दुपारी १२:३०

एमबीबीएसच बघा. बाकी पदव्यांच्या नादी लागू नका.

गिरणामाय | ९ एप्रिल, दुपारी १२:४४

नाना, रात्री दोन वाजता आमच्या गावात दार कोण उघडतं ते विचारा. बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी असलेले डॉक्टरच उघडतात. एमबीबीएस सहा वाजता गाडी काढून जळगावला जातात.

एरंडोलचा_नाना | ९ एप्रिल, दुपारी १:०२

दार उघडणं वेगळं आणि औषध कळणं वेगळं.

स्टेथोस्कोप | ९ एप्रिल, दुपारी २:१०

हा वाद या धाग्यावर नको, दुसऱ्या धाग्यावर चारशे प्रतिसाद पडून आहेत. एवढंच पाहा की भिंतीवर नोंदणी क्रमांक लावलेला आहे का. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा, बीएएमएस असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा. चिठ्ठीवरही तो छापलेला असायला हवा. दवाखाना बंद झालेल्या गावात सहा महिन्यांत कुणीतरी टेबल मांडून बसतो, सलाईन लावायला लागतो, आणि तो पूर्वी कुठेतरी कंपाउंडर असतो. लोकांना तोच आवडतो, कारण तो सुईला नाही म्हणत नाही.

पारोळ्याची_लेक | ९ एप्रिल, रात्री ९:३०

आमना गावना डॉक्टर गयात तवय मनी माय दोन दिन नीट जेवनी नही. म्हने, "त्यास्ना हात लागना का निम्मं दुखनं पयी जाये." आम्ही हसायचो. आता कळतं, तो माणूस दोन मिनिटं बसवून "काय माय, पोरगं येतं का घरी?" असं विचारायचा. नव्या डॉक्टरने बीपीचं मशीन लावलं, मोबाइलमधे बघत आकडा सांगितला. औषध तेच होतं. मायला म्हणे गुण आला नाही.

तापीकाठ | १० एप्रिल, सकाळी ६:५५

सगळ्यांचे आभार. मेडिकलवाला, तुम्ही झोप उडवलीत. शनिवारी गावी निघतो आहे.

सिस्टरबाई | १० एप्रिल, दुपारी ३:२०

मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झाले. मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं त्यात एक जोड घालते, कारण ही गोष्ट मी डोळ्याने पाहिली आहे.

गुडघेदुखीच्या, दम्याच्या, "अंगदुखीच्या" ज्या पुड्या असतात, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सगळे डॉक्टर देतात असं नाही, पण देणारे आहेत. माणसाला वाटतं काय जादूची पुडी आहे, भूक लागते, गुडघा वाकतो, चेहरा भरतो. दोन-दोन वर्षं रोज घेतात. मग दवाखाना बंद होतो, पुडी एका दिवसात थांबते. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर कमी केलेलं असतं. आठवडाभरात माणूस गळून जातो, उलट्या, चक्कर, बीपी खाली. आमच्याकडे अशा एक आजी आणल्या होत्या, घरचे म्हणत होते ऊन लागलं. एप्रिलच होता, त्यामुळे आम्हालाही आधी तेच वाटलं. सुनेने पुडीचा विषय काढला म्हणून निभावलं. तर बापूंच्या किंवा मायच्या पुड्यांत असं काही आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लाज वाटून घेऊ नका, त्यांनाही वाटू देऊ नका. असेल तर ते हळूहळू कमी करत आणायचं असतं, एकदम सोडायचं नसतं. फिटच्या गोळ्यांचं तसंच. बीपीतल्या अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्याही एकदम बंद केल्या तर बीपी उसळतं, छातीत धडधड होते.

आणि हो, आपल्याकडचं ऊन. बीपीसाठी कुणाला लघवी जास्त होण्याची गोळी चालू असते, तिला आपण पाण्याची गोळी म्हणतो. ४४ अंशात शेतात जाणारा माणूस ती घेत असेल तर चक्कर येऊन पडू शकतो. जुन्या डॉक्टरला माहीत असतं की हा माणूस घरी बसत नाही. नव्याला ते तुम्ही सांगायचं.

डॉक्टर मिळेपर्यंत गावच्या उपकेंद्रात जा. समुदाय आरोग्य अधिकारी असतात, लोक सीएचओ म्हणतात. तिशीच्या वरच्या सगळ्यांचं बीपी, साखर तिथे तपासतात. ई-संजीवनीवर त्या ताई व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन तिथे मिळतं. कधी साठा संपलेला असतो, हेही खरं, म्हणून पंधरा दिवस आधी जायचं, शेवटची गोळी संपल्यावर नाही.

शिरपूरकर | १० एप्रिल, दुपारी ४:००

बापू सत्तरच्या पुढचे आहेत, त्यांचं आयुष्मान कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न कितीही असो. ५ लाखांपर्यंतचा उपचार.

सिस्टरबाई | १० एप्रिल, दुपारी ४:१५

काढाच. पण ते भरती झाल्यावरचं आहे. महिन्याच्या गोळ्यांना ते कार्ड चालत नाही. लोक कार्ड घेऊन ओपीडीत भांडतात.

भरीतप्रेमी | १० एप्रिल, रात्री १०:४०

मूळ प्रश्नात एक होतं, फिजिशियन की जनरल. आमची फजिती सांगतो. वडिलांना आम्ही हौसेने जळगावला नेलं. हृदयाचे वेगळे, साखरेचे वेगळे, हाडाचे वेगळे. तिघंही नावाजलेले, तिघांच्याही बाहेर चपलांचा ढीग. दोन महिन्यांनी वडिलांचे पाय सुजले. चौथ्याकडे गेलो, त्याने सूज उतरायची गोळी दिली. ती घेतल्यावर रात्री चार वेळा उठणं, एकदा मोरीत पडले. शेवटी आमच्या आत्याचा जावई, तो मेडिकल रिप्रेझेंटेटिव आहे, दिवाळीला आला आणि सगळ्या पट्ट्या गादीवर मांडून बसला. दोन पट्ट्यांवर दोन वेगळी नावं, आत दोन्हीकडे अम्लोडिपिनच. एक हृदयवाल्यांनी लिहिलेली, एक साखरवाल्यांनी. दुप्पट डोस जात होता. पाय सुजणार नाहीत तर काय! एक पट्टी बंद, सूज गेली, चौथ्या डॉक्टरची गोळीही गेली (हे सगळं फोनवर डॉक्टरांना विचारून केलं, जावयाच्या भरवशावर नाही).

तर माझं मत: गावाजवळचा एक साधा डॉक्टर धरा, जो सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघेल. मोठ्या डॉक्टरला वर्षातून एक-दोनदा दाखवा, आणि त्याने लिहिलेलं या साध्या डॉक्टरला आणून दाखवा. गावचे डॉक्टर नेमकं हेच काम फुकटात करत होते, आपल्या लक्षात आलं नव्हतं.

कानबाईची_लेक | ११ एप्रिल, सकाळी ११:१०

सगळे बापूंबद्दलच बोलताय. मायचं काय?

आमच्या गावचा दवाखाना बंद झाला तेव्हा पुरुषांनी तालुक्याचा डॉक्टर धरला, मोटरसायकलवर बसून गेले. बायकांचं तसं नाही. आमच्याकडे डॉक्टरांची बायकोही डॉक्टर होती. पाठीमागच्या दाराने बायका जायच्या, पांढरं जाणं, पाळी, गाठ, लघवीला जळजळ, सगळं तिथे बोललं जायचं. दार बंद झालं आणि बायकांनी बोलणंच बंद केलं. माझ्या काकूने छातीतली गाठ सात महिने कुणाला सांगितली नाही. तालुक्याला दाखवायला न्यायचं तर नवरा सोबत, नवऱ्यासमोर काय सांगणार. तापीकाठ, मायला एकटीला विचारा, फोनवर नाही, चुलीपाशी बसून. तिचंही काहीतरी चालू असेल, जे बापूंना माहीत नाही.

आश्रमशाळा_मास्तर | ११ एप्रिल, दुपारी २:०५

ताई अगदी बरोबर. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात आणखी एक आहे. जुने डॉक्टर पावरी बोलायचे, तोडकीमोडकी का होईना. पाड्यावरून आलेला माणूस पोट धरून बसला तर कुठे दुखतंय ते त्याच्या बोलीत विचारायचे. आता दुभाष्या म्हणून आमची आठवीची मुलं जातात.

सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलांचे कागद तर आम्ही शाळेतच जपून ठेवतो. पालक सांगतात "रक्ताची तपासणी झाली", पण कुठली? सोल्युबिलिटी चाचणी ही नुसती चाळणी असते. मुलगा वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिसच्या कागदावर कळतं. जुन्या डॉक्टरांना चेहऱ्याने माहीत होतं कोण कोण आहे ते. नवा डॉक्टर अंगदुखी समजून वेदनाशामक देऊन परत पाठवतो.

तापीकाठ | १३ एप्रिल, रात्री ११:५०

गावाहून लिहितोय. लाइट नाही, मोबाइलच्या उजेडात.

आज डॉक्टरसाहेबांकडे गेलो. सांगितल्याप्रमाणे पिशवीत सगळ्या पुड्या. बापू आधी यायलाच तयार नव्हते, "त्यांना काय वाटेल, हिशेब मागायला आलो." डॉक्टर उलट खूश झाले. म्हणाले, पाटी लावल्यापासून लोक येतात, पाया पडतात, रडतात, नारळ देतात. कागद मागायला तुम्ही पहिले आलात. मग कंपाउंडरला हाक मारली, आणि दोघं मिळून आठवायला लागले. पाऊण तास. बाहेर बाकड्यावरची माणसं आत डोकावून गेली.

आता निघालेलं ऐका. गुलाबी म्हणजे ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. मोठी पांढरी मेटफॉर्मिन ५००. पांढरी अर्धी म्हणजे अटेनोलॉल ५० ची अर्धी. आणि बापू ती "बरं वाटतंय" म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस घेतच नव्हते! हे डॉक्टरांनाही आजच कळलं. बापूंना त्यांनी असं काही झापलं की मला शाळा आठवली. मग मला वेगळं सांगितलं, ही जुनी गोळी आहे, चालली म्हणून चालवली. साखर एकदम खाली गेली तर धडधड होऊन माणसाला कळतं, ती धडधड या गोळीने दबते. नवीन डॉक्टर बदलतील तर बदलू द्या, मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू.

स्टेरॉइडचं विचारलं. आमच्या दोघांच्या पुड्यांत नाही. गावात तिघांना चालू आहे, त्यांना ते स्वतः बोलावून घेणार आहेत. (सिस्टरबाई, हे तुमच्यामुळे.)

आणि पिवळी, जिच्याशिवाय बापूंना झोप येत नाही, ती बी-कॉम्प्लेक्स. डॉक्टर हळूच म्हणाले, "हे बापूंना सांगू नका. झोप लागते ना? लागू द्या."

मायशीही बोललो. चुलीपाशीच. ते इथे लिहीत नाही, पण कानबाईची_लेक, तुमचे उपकार. बुधवारी जळगावला लेडी डॉक्टरची वेळ घेतली आहे.

मेडिकलवाला | १४ एप्रिल, सकाळी ८:३०

कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरात, एक तुमच्याकडे. आणि बाकी गावाचं काय? साठ-सत्तर माणसं तरी असतील रोजच्या गोळ्यांवर.

तापीकाठ | १५ एप्रिल, सकाळी ९:१२

त्याचंही ठरलं. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर निरोप टाकला. रोज दुपारी चार ते सहा, पुड्या घेऊन या, कागद घेऊन जा. लिहायला गावातल्या कॉलेजच्या दोन मुली बसतात, डॉक्टर सांगतात आणि सही करतात. पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. एक आजोबा पुडीऐवजी सुनेची गोळी घेऊन आले, तो भाग वेगळा.

तापीकाठ | २४ मे, रात्री ८:२०

बरेच दिवसांनी. दवाखाना बंद झाला. आखाजीला डॉक्टरांकडे गावाने पुरणपोळ्यांचे इतके डबे पाठवले की कंपाउंडर घरोघरी परत वाटत फिरला.

बापूंसाठी चोपड्याचे डॉक्टर धरले (भरीतप्रेमींचे मेव्हणे धन्य). पहिल्या भेटीला मुद्दाम काही दुखत नसताना नेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, अटेनोलॉल बदलायचं ठरवलं, पंधरा दिवस कमी करत आणलं, आता दुसरी गोळी सुरू आहे. बीपी काल १३८/८४. सुई मागितली, त्यांनीही नाही म्हटलं. बाहेर आल्यावर बापू म्हणाले, "हा पण नाहीच म्हणतो, म्हणजे बरा असेल."

एकच घोळ झाला. डॉक्टर म्हणाले, या कागदावरच खाली दर महिन्याचं बीपी लिहीत जाऊ. तर बापूंनी तो चोपड्याच्या स्टँडवर लॅमिनेशन करून ठेवलेला. दोन्ही बाजूंनी.

पारोळ्याची_लेक | २४ मे, रात्री ८:३१

😄 झेरॉक्स कुठे शे?

तापीकाठ | २४ मे, रात्री ८:३५

मायने पिठाच्या डब्याखाली ठेवलीय. तिचीही तिथेच आहे.